माळेगावच्या यात्रेत हरवलेल्या आजीच्या मागावर

बर्फ पडायला लागला की आमच्या पोकलेनवर ताडपत्री टाकतात आणि आम्हाला घरी पाठवतात. हिमाचलात रस्त्याचं काम चालू आहे. वरचा घाट एकदा बंद झाला की उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत मशीनला हात लावायचा नसतो. बाकीचे ऑपरेटर बिहार-झारखंडला आपापल्या गावी जातात. मी मात्र कधी स्पिती, कधी जैसलमेर असा भटकत राहायचो आणि ते सगळं इथं लिहायचो. नववीत शाळा सुटलेल्या माणसाचं तुम्ही इतकं वाचता, हेच मला नवल.

पण दरवेळी खाली कुणीतरी लिहितंच, "भाऊ, सगळा देश फिरता, आपल्या मराठवाड्यावर कधी लिहिणार?" मी उत्तर टाळायचो. खरं सांगू का, मला वाटायचं आमच्याकडं दाखवण्यासारखं आहेच काय? डोंगरातले फोटो टाकले की लोक वा वा म्हणतात. आमच्या माळरानाचा फोटो टाकून काय मिळणार?

यंदा ठरवलं. माळेगावची यात्रा बघायची आणि लिहायची. आणि जाताजाता एक शोध घ्यायचा.

आमच्या घरी माळेगावचं नाव काढत नाहीत. गाव आमचं अहमदपूरपासून अर्ध्या तासावर, माळेगाव तिथून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. सगळ्या पंचक्रोशीतला माणूस तिथल्या खंडोबाला जातो, आमचे दादा जात नाहीत. दादा म्हणजे माझे वडील, साठीला टेकलेत. त्यांची आई, माझी सख्खी आजी रुक्मिणबाई, त्या यात्रेत हरवली. दादा तेव्हा सहाएक वर्षांचे. आईचं बोट धरून चालले होते, घोड्यांच्या बाजारात रेटारेटी झाली, यांच्या हातून बोट सुटलं आणि आई गेली ती गेलीच. ही गोष्ट मला कळत्या वयापासून माहीत आहे, साऱ्या गावाला माहीत आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते हयात होते तोवर दादांच्या हातून पेला जरी निसटला तरी म्हणायचे, "ह्याच्या हातात काही टिकत न्हाई." एवढंच. पुढचं कुणी बोलत नसे, आणि दादा खाली वाकून पेला उचलत.

आबांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. ती गोदामाय. दादांना तिनंच वाढवलं, मलाही तिनंच. अजून आहे, खणखणीत आहे.

दादांची आणखी एक सवय सांगतो. गर्दीत ते मला कधी बोट धरू देत नसत. ते माझं मनगट धरायचे आणि असं धरायचे की बाजारातून घरी येईस्तोवर मनगटावर लाल वळ उठलेला असायचा. माय, म्हणजे माझी आई, त्याला खोबरेल लावायची. मी आता मिशीवाला बाप्या झालो, तरी अहमदपूरच्या स्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना दादा माझं मनगट धरतात. पोरं हसतात. मला लाज वाटते म्हणून मी गावी जायचंच कमी केलं, असंही म्हणता येईल.

तर विचार असा होता की आजी असेल तर पंच्याहत्तरीच्या पुढं असेल. सापडली तर दादांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. आणि हेही लिहून टाकतो की गाडीत बसल्याबसल्या मी लेखाचा मथळासुद्धा ठरवला होता, फोटो कुठून कसा काढायचा तेही. आजी सापडायच्या आधीच.

अंबाल्याहून नांदेडला थेट गाडी मिळते. गुरुद्वाऱ्याला निघालेल्या भाविकांनी डबे भरलेले असतात, त्यामुळं तिकीट महिनाभर आधी काढा. खायची काळजी नको. वाटेत स्टेशनांवर लोक चढून आग्रह करकरून पोळी-भाजी वाढतात, पैसे घेत नाहीत. नांदेडला उतरलो तेव्हा हिमाचलातली कानटोपी काढून पिशवीत कोंबली. गुरुद्वाऱ्याजवळच्या यात्री निवासात स्वस्तात खोली मिळते, अंघोळीपुरती घ्या. स्टँडवर यात्रेसाठी जादा गाड्या उभ्या होत्या. कंडक्टर ओरडत होता, "माळेगाव, माळेगाव! कोंबड्या मांडीवर घ्या, सीटवर ठेवू नका!" लोह्यापर्यंत रस्ता झकास, पुढं यात्रेच्या गाड्यांनी तुंबलेला. लोह्याच्या पुढंच हवेत भंडाऱ्याचा वास यायला लागतो.

आणि यात्रा काय सांगू! पहिल्याच दिवशी पालखी निघते. "येळकोट येळकोट"च्या आरोळ्या, पिवळंधमक आभाळ, वाघ्या-मुरळ्या, एकीकडं घोडे, पलीकडं गाढवं, त्याच्या पलीकडं उंट. तमाशाच्या कनाती लागलेल्या. घोंगड्या घ्यायच्या असतील तर इथंच घ्या, पण शेवटच्या दिवशी, तेव्हा विकणारा कंटाळलेला असतो. खायला भजी, शेव, गुळाची जिलबी. एक घोडेवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "घोडी न्हाई पाटील, सून हाय सून. आवाज न्हाई, भांडण न्हाई." पाटील म्हणाले, "मंग तुझ्याच घरी नांदू दे की."

मंदिराच्या पायऱ्यांखाली भीक मागणाऱ्यांची रांग होती. फडकी अंथरलेली. सगळे जातायेता वरूनच नाणी टाकत होते, मीही टाकली. खाली बघितलंसुद्धा नाही. फोनवर पालखी घेत होतो.

हरवलेल्यांची नावं पुकारायला एक मंडप होता. भोंग्यावरून सारखं चालू, "निळा शर्ट घातलेला, नाव विचारलं तर रडतोय, त्याच्या आईवडलांनी यावं." मी आत गेलो. माईकवर बसलेल्या माणसाला म्हणालो, "काका, जुन्या हरवलेल्यांचं कुठं विचारायचं?"

"किती जुनं? सकाळचं का?"

"पन्नासएक वर्षं झाली असतील. आजी होती माझी."

तो माईक हातानं झाकून हसला. "लेका, पन्नास वर्सांनी आलास व्हय? आता तीच तुला हुडकत असंल." मग माझं तोंड बघून नरमला. "बस, पाणी पी. त्या वखताचं इथं कोणाला काय मालूम? तुमच्या घरच्यांनी हुडकली न्हाई का?"

घरच्यांनी हुडकली का? मी हा प्रश्न कधी केलाच नव्हता. आबांनी कुठं कुठं शोध घेतला, कुणाला विचारलं, किती दिवस थांबले, यातलं काहीच मी कधी ऐकलं नव्हतं. गोष्ट नेहमी बोट सुटलं तिथंच संपायची.

तिथून निघालो आणि टाकांच्या दुकानापुढं थांबलो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, टाक म्हणजे देवाची किंवा घरातल्या गेलेल्या माणसाची प्रतिमा ठोकलेला चांदीचा छोटा पत्रा, देव्हाऱ्यात ठेवतात. आणि पहिली बायको वारून माणसानं दुसरी केली, तर दुसरीनं त्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. सवत म्हणून. तिचा मान ठेवायचा, नाहीतर ती त्रास देते म्हणतात. दुकानात एक शेतकरी तसलाच टाक करायला आला होता, सोबत नवी नवरी, लाजून उभी.

टाकवाल्यानं विचारलं, "पहिली कधी वारली?"

"वारली म्हणजे..." माणूस घुटमळला, "माहेरी गेली ती आली न्हाई. सोडल्यातच जमा."

टाकवाल्यानं हत्यार खाली ठेवलं. "मामा, जित्या बाईचा टाक मी करत नसतो. पाप हाय ते. तिला जितेपणी मारल्यावाणी व्हतंय. दुसऱ्या दुकानातबी कोणी करून देणार न्हाई."

मी फोटो काढायला फोन वर धरला होता. तो तसाच खाली आला.

गोदामायच्या गळ्यात टाक आहे. काळ्या दोऱ्यात ओवलेला, मण्यांच्या खाली. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी त्याच्याशी खेळायचो. "कोण गं ही?" म्हटलं की ती म्हणायची, "तुझी मोठी आजी." दर अमावास्येला ती तो चिंचेनं घासायची. आमच्याकडं ही रीत शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असते, मलाही माहीत होती. पण आपल्या घरातल्या गोष्टीला कुणी रीत लावून बघत नाही. आजी हरवली होती, तर मग लग्नाच्या दिवशीच तिचा टाक कसा काय तयार झाला? हरवलेल्या माणसाची तर वाट बघतात.

यात्रा अर्धी सोडून मी संध्याकाळच्या गाडीनं गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी घरात येळवशीची गडबड. वेळ अमावास्या, आम्ही येळवस म्हणतो. लातूरकडं यायचं तर या दिवसाला या, हे मी छातीठोक सांगेन. लातुरात त्या दिवशी दुकानं बंद असतात, सगळं शहर रानात जेवायला गेलेलं असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, ओल्या दाण्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. आणि वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून जेवायला बसवतात. हॉटेल शोधू नका, पायवाटेनं चाला, जेवण आपोआप मिळतं.

माय भज्जीचे दाणे सोलत होती, दादा कोप करायला रानात गेले होते. गोदामाय परसात चिंच कोळत बसली होती. मी समोर उकिडवा बसलो.

"गोदामाय, रुक्मिणआजी हरवली का मेली?"

तिचा हात पाण्यात थांबला. "कोण काय म्हणलं?"

"कोणी न्हाई. तुझ्या गळ्यात तिचा टाक हाय. हरवलेल्या बाईचा टाक करत न्हाईत."

"लई शाना झालास डोंगरात जाऊन." तिनं चिंच पिळली, चोथा बाजूला ठेवला. मग आत माय भांडी वाजवत आहे याची खात्री करून हळू आवाजात बोलायला लागली.

"मी नवी नवरी. मला मेली म्हणून सांगितलं, गावाला हरवली म्हणून. मी कोणाला इचारणार? टाक गळ्यात घातला, तिला हळदीकुंकू लावलं आन घरात आले. चौथ्या वर्सी तुझा आबा मला यात्रेला घेऊन गेला. पायऱ्यांखाली रांग बसती ना, त्या वखताला त्यात म्हारोगीच लई. समदे लोक वरून टाकायचे. तुझा आबा एकीच्याच म्होरं गेला आन वाकून दोन्ही हातानं भाकरी ठिवली. मला नवल वाटलं. त्या बाईनं पदर कपाळापर्यंत वढलेला. ती माझ्या गळ्याकडंच बघून राहिली. म्हणली, 'टाक काळा पडलाय बाई. चिंचेनं घासत जा.'"

गोदामायनं चोथा उचलला आणि बोलता बोलताच टाक घासायला लागली. तिला ते कळलंही नसावं.

"अंगावर डाग उठले व्हते तिच्या. गावात कुजबुज झाली. धाकट्या दिराचं लगीन मोडायला आलं. मंग यात्रेत हरवली."

"दादांना का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? तुझी आय रांगंत बसती म्हणून? आन ती घरला आली असती तर मी कोण, सांग. जित्या बाईचा टाक घालून मिरवणारी." तिनं माझ्याकडं बघितलं. "एक वरीस गेलं की सांगायचं जड व्हतंय. धा गेले की त्याहून जड. तुझ्या आबाला म्या बोल लावत न्हाई, म्याच न्हाई बोलले."

महारोग्यांच्या वसाहतीचा पत्ता तिनंच दिला. आबा दरसाल 'बैल बघायला' म्हणून मुखेडकडं जायचे. ते बैल असे होते.

दादांची मोटरसायकल घेऊन निघालो. अहमदपूर ते मुखेड रस्ता अधूनमधून उखडलेला आहे, पण दोन्हीकडं तुरी पिवळ्या फुललेल्या, हरभरा हिरवागार, आणि बालाघाटाचे ते बसके डोंगर. एवढे दिवस मी यांना डोंगर म्हणायलाही तयार नव्हतो. पेट्रोल अहमदपुरातच भरून घ्या. वसाहतीचं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं बघायला म्हणून कुणी जाऊ नये.

फाट्यावर टपरी होती. वाट विचारली तर टपरीवाला म्हणाला, "तिकडं? कोणी हाय का तुमचं?"

"न्हाई, न्हाई," मी म्हणालो. "सहज. फोटो काढायला."

तोंडातून हे इतक्या पटकन गेलं की मागं घेता आलं नाही. टपरीवाला म्हणाला, "हाव, येतेत फोटोवाले. बिस्किटाचे पुडे घेऊन जा, बरं दिसतंय." मी पुडे घेतले.

माळावर बैठ्या खोल्यांच्या ओळी, मधे हातपंप, कडुलिंबाखाली बाज. बाजेवर एक म्हातारी वाती वळत होती. बोटं अर्धीच होती, पण वात सरळ. नाव काशीबाई. मुखेड-देगलूरकडची बोली, मधेच एखादा तेलुगू शब्द.

मी पुडे पुढं केले. ती म्हणाली, "फाट्यावरचे ना? ठिव तिकडं. लई हायेत आमच्याकडं. कोण पायजे?"

"रुक्मिणबाई."

"रुक्माक्का?" वात थांबली. "तू तिचा कोण?"

"नातू."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी वापरला. काशीबाई डोळे बारीक करून बघत राहिली. "नाक तिचंच हाय. उशीर केलास रे. तीन-चार उन्हाळे झाले तिला जाऊन."

तीन-चार उन्हाळे. म्हणजे मी घाटातले व्हिडिओ टाकत होतो, तेव्हा ती इथं होती. मला बसायलाही सुचेना. काशीबाईनं आत जाऊन चहा टाकला. स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून आणला आणि माझ्यासमोर केला.

मी म्हणालो, "नको, आत्ताच पिऊन आलो."

"हाव," ती म्हणाली, "समदे पिऊनच येतेत."

रागानं नाही म्हणाली. नेहमीचं असल्यासारखी म्हणाली आणि पेला बाजेच्या कडेला ठेवून दिला. हा रोग गोळ्यांनी बरा होतो, पेल्यानं लागत नाही, हे मला माहीत होतं. शाळेत भिंतीवर लिहिलेलं होतं. तरी हात पुढं झाला नाही.

मग तिनं सांगितलं. दोघी शेजारी शेजारी राहिल्या, आयुष्यभर. यात्रेच्या दिवसांत बाकीच्यांबरोबर माळेगावला जाऊन बसायच्या. पुढं आबा दरसाल इथं वसाहतीतच यायचे, भाकरी ठेवायचे, उभ्याउभ्या पोराची खबर सांगायचे. चौथीत गेला. नांगर धरायला लागला. लगीन झालं. नातू झाला.

"गोळ्या सुरू झाल्यावर डाग गेले तिचे," काशीबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणला, आता घरी जा, काही न्हाई तुला."

"मग?"

"मग काय? घरी तिचा टाक झालता की."

पुढं तिनंच विचारलं, "आन तिच्या पोराला काय सांगितलंय तुमच्या घरात?"

"त्यांच्या हातून बोट सुटलं म्हणून आई हरवली, असं."

काशीबाई ताठ झाली. "कोण म्हणलं सुटलं?"

"सगळेच. आबा म्हणायचे. दादा स्वतःसुद्धा."

"तुझा आबा म्होरं घोडे बघत उभा व्हता रे! ठरलेलं व्हतं दोघांचं. तिनं पोराला रेवड्या घेऊन दिल्या, एका हातात रेवड्या, दुसरी मूठ हिच्या बोटावर. मला किती डाव सांगितलंय तिनं. म्हणायची, 'काशे, एवढंसं पोर पर मूठ लई घट्ट. एकेक बोट सोडवावं लागलं मला. करंगळीपाशी आले तवर पयलं बोट परत धरलं त्यानं. पुन्हा सुरवातीपास्नं सोडवलं.'" काशीबाईनं स्वतःचा हात वर करून बघितला. "बधिर झालती तिची बोटं, विस्तव लागला तरी कळायचा न्हाई. नंतर तर झडूनच गेली. पर म्हणायची, ती मूठ कळती मला अजून. आन तुम्ही त्या लेकराला सोडलं म्हणून सांगितलं?"

बाजेच्या कडेचा पेला दिसला. चहावर साय धरली होती. मी हात पुढं केला, तर तिनं पेला उचलून कडुलिंबाच्या बुडाशी ओतला.

"निवला तो. दूध बी संपलं. असू दे."

मागच्या माळावर नेऊन तिनं जागा दाखवली. दगडही नाही, नुसता उंचवटा, त्यावर कुसळी गवत. एक फोटो काढला नाही. पाया पडलो आणि निघालो. फाट्यावर टपरीवाल्यानं विचारलं, "मिळाले का फोटो?" मी गाडी न थांबवता हो म्हणून मान हलवली. तेव्हा तरी थांबून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

येळवशीला सकाळी सगळे रानात. पांडवांना नैवेद्य झाला, शेजारपाजारचे जेवून गेले. दादा वाटेवर उभे राहून एका अनोळखी सायकलवाल्याला ओरडून बोलावत होते, "ओ पाव्हणं, या की, आंबील घेऊन जावा!" त्याला वाढताना मी बघत राहिलो. आमच्या रानात परक्याला हात धरून बसवतात.

दुपारी कोपीत आम्ही तिघंच उरलो. दादा, मी आणि दाराशी गोदामाय. मी सांगायला सुरुवात केली. मधेच बांधावरून शेजारचे काका आले, "काय खलबत चाललंय बापलेकाचं?" आणि मी म्हणालो, "काही न्हाई, कामाचं." ते जाईपर्यंत गप्प बसलो. सत्य सांगतानासुद्धा मी आवाज दाबूनच सांगत होतो.

डाग, रांग, भाकरी, वसाहत, माळावरचा तो उंचवटा. दादा ऐकत होते. मला वाटलं ते रागावतील, आबांना शिव्या देतील. त्यांनी एकच विचारलं, "मग बोट?"

"तुम्ही नाही सोडलं. तिनं सोडवलं. एकेक बोट. तुम्ही परत धरलं, तर पुन्हा सोडवलं."

दादांनी उजवा हात समोर धरला आणि मूठ वळली. मग डाव्या हातानं तिचं एकेक बोट सोडवून बघायला लागले. तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीपाशी आले तेव्हा तर्जनी आपोआप परत मिटली होती.

"लई जोर लागला असंल तिला," ते म्हणाले.

दाराशी गोदामायनं गळ्यातला दोरा डोक्यावरून काढायला घेतला. "हे काढते मी आता."

"राहू दे," दादा तिच्याकडं न बघता म्हणाले. "एवढी वर्सं खोटा होता तवा घातलास. आता कुठं खरा झालाय, तर कशाला काढतीस?"

गोदामायचा हात तसाच दोऱ्यावर राहिला. तिच्या कडेला बसून मी उरलेली आंबील ढवळत होतो, उगीच.

यात्रेच्या शेवटच्या दिवशी दादा एकटेच माळेगावला जाऊन आले. काय केलं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरी आले तेव्हा कपाळाला भंडारा होता. येताना शेराच्या मापानं रेवड्या आणल्या होत्या. त्यातला एक पुडा त्यांनी गोदामायच्या उशाशी ठेवला. तिनं तो अजून फोडलेला नाही, असं माय फोनवर सांगते.

निघायच्या आधी दादांना विचारलं, "हे लिहू का? तिकडं लोक वाचतात माझं." मनात होतं की ते नको म्हणतील आणि माझी सुटका होईल. ते म्हणाले, "लिही. गावात कळलं तर कळू दे. पर तिचं नाव घालून लिही." म्हणून लिहिलंय. रुक्मिणबाई. आडनाव लिहायला मात्र अजून हात धजत नाही, तेवढं तुम्ही समजून घ्या. पत्र्याच्या खोलीत हीटर लावून बसलोय, घाट उघडायला वेळ आहे. देशभर फिरलो म्हणून मिरवत होतो आणि जिथं एकदा जायला हवं होतं, ते गावापासून मोटरसायकलच्या रस्त्यावर होतं. काशीबाईकडं परत जायचंय. चहाच्या वेळेला, पिऊन न जाता. ती पाजेल का नाही, माहीत नाही.

परतताना अहमदपूरच्या स्टँडवर दादा सोडायला आले होते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, टेम्पो, नेहमीची धांदल. मी सवयीनं डावा हात त्यांच्या बाजूला केला आणि मनगट ढिलं सोडलं. ते पुढं निघाले, हात पाठीमागं बांधून. मधेच एकदा वळून बघितलं, मी येतोय ना एवढंच.

पलीकडं पोचल्यावर मी मनगट बघितलं. वळ नव्हता. गाडी सुटेपर्यंत मी तिथंच अंगठ्यानं चोळत राहिलो.